सोयीचा प्रतिस्पर्धी

दिवाळीला आठवडा उरला असताना, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, आम्ही नातवाला घेऊन चोर्ला घाटाने मडगावला गेलो होतो. फातोर्ड्याच्या मैदानावर भारत आणि सिंगापूर यांच्यात आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा सामना होता. आधी गोल आपण केला. मग त्यांनी दोन केले. सामना २-१ असा गेला आणि त्याबरोबर २०२७ च्या आशिया चषकाचे दारही आपल्यासाठी बंद झाले. परतीच्या वाटेवर नातवाने विचारले, "आजोबा, सिंगापूर केवढं आहे हो?" मुंबईची वस्ती निम्मी केली तर जेवढी होईल, तेवढे, असे आम्ही सांगितले. तो पुढे काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही, कारण आम्हाला त्याच मैदानावरची एक जुनी आठवण छळत होती.

१९९९ साली याच फातोर्ड्यावर दक्षिण आशियाई देशांच्या सुवर्णचषकाची स्पर्धा झाली होती. सरकारी नोकरीतून चार दिवसांची रजा काढून आम्ही तेव्हा तेथे गेलो होतो. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० असे हरवले. गोव्याच्या उकाड्यात अंगाला सदरे चिकटलेली ती गर्दी नाचत होती, आणि आम्हीही नाचलो. त्यानंतर सव्वीस वर्षांनी त्याच गवतावर आपण मान खाली घालून बसलो. मधल्या काळात काय घडले? हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. आमच्या काकतीच्या परिसरात अलीकडे जो एक वाद उभा राहिला आहे, त्याचे उत्तरही या प्रश्नातच दडलेले आहे, असे आमचे नम्र पण ठाम मत आहे.

आधी तो वाद सांगतो. आमच्या भागातील तरुणांनी फुटबॉलची स्पर्धा भरवायचे ठरवले. मराठी गावांचे संघ ठरले, वर्गणी ठरली. मग पोरांनीच सुचवले की, शेताच्या बांधापलीकडच्या कन्नड वस्तीतील संघालाही बोलवावे. ते चांगले खेळतात. यावर बैठकीतील ज्येष्ठांनी तीन आक्षेप घेतले. पहिला, त्यांच्याशी खेळून आपला मोठेपणा तो काय वाढणार? दुसरा, ज्यांच्याशी भाषेचा तंटा आहे त्यांच्याशी खेळ कसला? तिसरा, मैदानावर भांडण झाले तर जबाबदार कोण? ठराव बारगळला. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्ही गप्प बसलो होतो. आज लिहीत आहोत ते त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणूनच.

पहिल्या आक्षेपाचा समाचार आधी घेऊ. 'लहान शेजाऱ्याशी खेळून काय मिळते' हा अहंकार आपल्या देशाच्या फुटबॉलनेही जोपासला. दक्षिण आशियाई स्पर्धा १९९३ साली लाहोरला सुरू झाली. तेव्हापासून २०२३ पर्यंत भारताने ती नऊ वेळा जिंकली. ऐकायला हे फार गोड वाटते. पण स्पर्धेची वर्षे मांडून पाहा: १९९९ नंतर एकदम २००३, मग २००५, २००८, २००९, पुढे २०१५ नंतर २०१८, २०२१, २०२३. या खेळाला ना नेम ना नियम. २००९ साली तर ढाक्याला आपण तेवीस वर्षांखालील मुलांचा संघ पाठवला आणि तोही जिंकून आला. शेजारी हे सरावाचे गडी, असाच त्यातून निघणारा अर्थ. पण शेजारी झोपलेले नव्हते. मालदीवची लोकवस्ती पाच लाखांच्या आसपास, म्हणजे जवळपास आपल्या बेळगाव शहराएवढी. त्या मालदीवने २००८ आणि २०१८ साली अंतिम सामन्यात भारतालाच हरवून हा चषक नेला. अफगाणिस्तानने २०१३ साली तेच केले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला बांगलादेशाने आपल्याला १-० असे हरवले. २००३ नंतर प्रथमच. ज्यांना फातोर्ड्यावर हरवून आम्ही नाचलो होतो, ते हेच.

आता सिंगापूरकडे पाहा. आग्नेय आशियातील देशांनी आपापसातील स्पर्धा १९९६ साली सिंगापूरला सुरू केली. टायगर चषक हे तिचे तेव्हाचे नाव. दहा देश उतरले. त्यांत मलेशिया होता आणि १९६५ साली त्याच्यापासून वेगळा झालेला सिंगापूरही होता. १९६३ ते १९६६ या काळात मलेशियाशी सशस्त्र संघर्ष केलेला इंडोनेशिया होता. ज्याच्या भूमीवर व्हिएतनामचे सैन्य १९८९ पर्यंत तळ ठोकून होते, तो कंबोडिया होता आणि स्वतः व्हिएतनामही होता. या मंडळींना एकमेकांविषयी आपल्याहून कमी कडवटपणा होता, असे कोण म्हणेल? तरी ते दर दोन वर्षांनी, अपवाद वगळता, नेमाने खेळत राहिले. २००४ पासून उपांत्य आणि अंतिम सामने दोन्ही संघांच्या घरच्या मैदानांवर, असे दोन-दोन खेळले जाऊ लागले. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन, त्याच्या ऐंशी हजार माणसांच्या आरोळ्या ऐकत खेळायचे. २०१८ साली क्वालालंपूरला मलेशिया आणि व्हिएतनाम यांच्यातील पहिल्या अंतिम सामन्याला एवढी गर्दी होती. तो २-२ असा बरोबरीत सुटला आणि व्हिएतनामने आपल्या घरी हनोईला १-० अशी बाजी मारून चषक घेतला. लगेच पुढच्या महिन्यात, म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये, तोच व्हिएतनाम आशिया चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. आपण त्याच स्पर्धेत साखळीतच बाद झालो.

एवढ्या एका स्पर्धेने सगळे घडले, असे आम्ही म्हणत नाही. मैदाने, प्रशिक्षक, लहान वयापासूनची शिकवण, नियमित साखळी सामने, हे सारे लागतेच; आणि आपली तर देशातील अव्वल साखळी स्पर्धाही २०२५ साली ठरल्या वेळी सुरू होऊ शकली नाही. पण शेजाऱ्याला गंभीरपणे घेण्याची सवय जेथे असते, तेथे उरलेल्या गोष्टींची निकड भासते. शेजाऱ्याकडून होणारा पराभव झोंबतो. दूरच्या बलाढ्य देशाकडून हरलो तर आपण खांदे उडवून घरी येतो.

यासाठी परदेशी जायचीही गरज नाही. काकतीहून महामार्गाने निपाणी ओलांडून शंभरेक किलोमीटर गेले की कोल्हापूर येते. तेथे फुटबॉल कोणामुळे जगला? पेठांमुळे आणि तालमींमुळे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांतल्या कित्येकांच्या दारांत हाकेचे अंतर. शाहू स्टेडियमवर जी हजारो माणसे भर उन्हात बसतात, ती कोणा परदेशी संघासाठी नव्हे, तर शेजारच्या गल्लीला हरवलेले पाहण्यासाठी. त्याच ईर्षेच्या मातीतून अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. शेजाऱ्याशी खेळण्यात कमीपणा मानला असता, तर कोल्हापुरात आज फुटबॉल औषधालाही सापडला नसता.

तिसरा आक्षेप भांडणाचा. कोल्हापुरातही ईर्षा हद्द ओलांडते आणि कधी कधी हाणामारीवर जाते, हे आम्ही नाकारणार नाही. पण त्यावरचा उपाय मैदान बंद करणे हा नसून पंच, नियम आणि शिक्षा हा आहे. आम्ही उभी हयात सरकारी कचेरीत घालवली. बांधाचे तंटे, पाण्याचे तंटे पुष्कळ पाहिले. जेथे दोन्ही पक्ष एकाच नियमाखाली, एकाच माणसाच्या शिटीवर थांबायला तयार असतात, अशी जागा आम्हाला कचेरीत क्वचितच सापडली. मैदानावर ती नव्वद मिनिटे सापडते. पंचाला मराठी कळते की कन्नड, याने ऑफसाइड बदलत नाही.

राहिला दुसरा आक्षेप, आणि तोच खरा नाजूक आहे. ज्यांच्याशी तंटा आहे त्यांच्याशी खेळावे काय? दोन राष्ट्रांमध्ये रक्त सांडलेले असते तेव्हा खेळावे की न खेळावे, हा निर्णय त्या त्या सरकारांचा. त्यात आम्ही पडत नाही. २१ जून २०२३ रोजी आपल्याच राज्याच्या राजधानीत, बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर, भारताने पाकिस्तानला ४-० असे हरवले आणि सुनील छेत्रीने तीन गोल केले. व्हिसाच्या दिरंगाईमुळे पाहुणा संघ सामन्याच्या दिवशीच येऊन पोहोचला होता, तरी तो खेळला. पुढे परिस्थिती बिघडली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सुज्ञ वाचकहो, काकती आणि बांधापलीकडची वस्ती यांच्यात कोणते युद्ध चालू आहे? आमची भूमिका स्पष्ट आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठीतून कागद मिळावेत, मराठी शाळा टिकाव्यात, हा आमचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडलेला नाही. नोकरीत तीस वर्षे कन्नडमधून टिपणे लिहिली, म्हणून घरातली मराठी पातळ झाली नाही. मग शेजारच्या पोराबरोबर चेंडू लाथाडल्याने ती कशी पातळ होईल? ज्या भाषेला फुटबॉलच्या सामन्याने धक्का बसतो, तिच्या रक्षणाचा आव आपण आणतो कशाला? आमचे काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर. त्यांचे नाव कन्नड माणूस अभिमानाने घेतो आणि आमच्या आज्याही आदरानेच घेत आल्या. त्याने आमचे मराठीपण उणे झाले नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगून आवरते घेतो. १९९८ साली व्हिएतनाममध्ये झालेल्या टायगर चषकात ३१ ऑगस्टला हो चि मिन्ह शहरात थायलंड आणि इंडोनेशिया समोरासमोर आले. दोघेही उपांत्य फेरीत आधीच पोहोचले होते. जो जिंकेल त्याला हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी भिडावे लागणार होते; जो हरेल त्याला त्याच शहरात राहून सिंगापूरशी, म्हणजे त्यांच्या मते सोप्या संघाशी, खेळायला मिळणार होते. म्हणून दोघांनाही जिंकायचेच नव्हते. २-२ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी इंडोनेशियाच्या मुरसीद एफेंडी या खेळाडूने चेंडू जाणूनबुजून स्वतःच्याच जाळ्यात मारला. थायलंड ३-२ असा जिंकला. दोन्ही देशांना प्रत्येकी चाळीस हजार डॉलरचा दंड झाला आणि एफेंडीवर आंतरराष्ट्रीय फुटबॉलची आजन्म बंदी आली. पुढे काय झाले? थायलंड हनोईला ०-३ असा हरला. इंडोनेशियाला हवा तो सोयीचा प्रतिस्पर्धी मिळाला आणि त्याच सिंगापूरने त्याला २-१ असे घरी पाठवले. इतकेच नव्हे, अंतिम सामन्यात यजमानांना १-० असे हरवून चषकही सिंगापूरनेच नेला. आणि इंडोनेशिया? पुढे २०२४ च्या स्पर्धेपर्यंत तो सहा वेळा अंतिम सामन्यात उतरला आणि एकदाही जिंकला नाही. यात दैवाचा हात शोधायचे कारण नाही. ज्याला सोपा समजून निवडले, तोच संघ सर्वांत तयारीचा निघाला, एवढेच त्यातले तात्पर्य.

आमच्या बैठकीत त्या दिवशी हेच झाले. आपण आपल्या पोरांसाठी सोयीचे प्रतिस्पर्धी निवडले: आपलेच भाऊबंद, आपल्याच ओळखीचे, हरलो तरी घरातच राहील असे. आणि वर त्याला अस्मितेचे नाव दिले. आमच्या मते तो स्वयंगोल होता. आपल्या मुलांनी ज्या शेजाऱ्यांबरोबर उद्या कारखान्यात, बाजारात, कचेरीत आयुष्य काढायचे आहे, त्यांच्याशी नियमाने लढण्याची, हरण्याची आणि सामना संपल्यावर हात मिळवण्याची सवय जर मैदानावर लागणार नसेल, तर ती लागणार कोठे?

पुढची बैठक संक्रांतीनंतर आहे. विषय पुन्हा मांडावा, अशी लेखी सूचना आम्ही दिली आहे. आमची सूचना साधी आहे: बांधापलीकडच्या संघाला निमंत्रण द्यावे, उपांत्य सामना एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळावा, पंच दोन्ही बाजूंना मान्य असा बाहेरून बोलवावा आणि शिस्तभंगाची शिक्षा आधीच लिहून काढावी. आपले संघ हरतील, अशी भीती वाटते काय? हरतील कदाचित. त्यांचा गोलरक्षक चांगला आहे, असे नातू सांगतो. त्याचे सोबती रोज संध्याकाळी बांध ओलांडून त्यांच्याशी खेळतातच, हेही त्यानेच सांगितले. म्हणजे ठराव बारगळला तो फक्त आपल्यासारख्या खुर्चीवर बसलेल्यांसाठी.

या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. हात वर करणाऱ्यांत आपणही असावे, एवढीच विनंती.