लाच त्यांची, बिल जनतेचे!



भ्रष्टाचार फक्त सरकारी खात्यात असतो, खासगी कंपनीचा कारभार स्वच्छ, हे तुणतुणे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. ते वाजवणाऱ्यांपुढे आम्ही जर्मनीच्या सीमेन्स कंपनीचा हिशेब ठेवतो.

अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक आयोगाच्या म्हणण्यानुसार २००१ ते २००७ या काळात या कंपनीने किमान ४,२८३ वेळा लाच दिली. रक्कम सुमारे १४० कोटी डॉलर! व्हेनेझुएलातील मेट्रो, चीनमधील मेट्रोगाड्या व सिग्नल, बांगलादेशातील मोबाइल, अर्जेंटिनातील ओळखपत्रे. कंत्राट तेथे लाच. कंपनीच्याच रोख खिडकीवरून सूटकेस भरून नोटा जात. १९९९ पर्यंत तर परदेशात दिलेल्या लाचेवर जर्मनीत करसवलत मिळे!

२००८ अखेर दोन्ही देशांतील एकूण दंड सुमारे १६० कोटी डॉलरवर गेला. पण अमेरिकेत मूळ कंपनीने कबूल केलेला गुन्हा लाचेचा नव्हता. तो हिशेबाच्या वह्या व अंतर्गत नियंत्रणाचा होता. सरकारी कंत्राटांचा दरवाजा उघडाच राहिला.

आमच्या बुकिंग खिडकीवर वा पोस्टाच्या काउंटरवर शंभर रुपये कमी भरले, तर पगारातून वसुली आणि हाती चार्जशीट! वरच्यांना वेगळा न्याय का?

लाचखाऊ आमच्यातला असला तरी आम्ही त्याची पाठराखण करणार नाही. पण लाचेचा पैसा शेवटी तिकिटातून आणि करातूनच वसूल होतो. म्हणून प्रत्येक मोठ्या कंत्राटाची किंमत व अटी कामगारांपुढे आणि जनतेपुढे खुल्या झाल्याच पाहिजेत. ही मागणी प्रत्येक शाखेच्या सभेत ठरावाने मांडा!