तारखेच्या बायकांनी पाहिलेले ‘कोर्ट’

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट आम्ही बोदवडच्या सल्ला केंद्रात टीव्हीवर लावला तेव्हा वीस-बावीस बायका जमल्या होत्या. 2015 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला हा मराठी चित्रपट. अर्ध्या तासात सहा-सातजणी उठून गेल्या. त्यांचे म्हणणे, यात काही घडतच नाही. गाण्यातून एका गटारकामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले असा एका म्हाताऱ्या शाहिरावर आरोप, एवढा गंभीर खटला, आणि वकील कागद वाचतात, न्यायाधीश मजकूर सांगतात, पुढची तारीख पडते. ‘अदालत’ मालिकेतला के. डी. पाठक पाहिलेल्यांना हे कसे रुचणार?

शेवटपर्यंत बसल्या त्या बहुतेक केस चालू असलेल्या. त्यांचे मत अगदी उलटे. “आमच्याकडं असंच राहतं ताई,” एकजण म्हणाली, “साहेब मान वर करत नाही.” बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईची सुनावणी न्यायाधीश पुढे ढकलतात, तिथे सगळ्या हसल्या. मग एकीने हळूच सांगितले, मी डोक्यावर पदर घेऊन गेले होते, तरी तारीखच मिळाली.

मैत्रिणींनो, ही दोन मते म्हणजे नुसती आवडनिवड नव्हे. केंद्रात येणारी बाई आधी म्हणते, मला एकदा जज्जासमोर बोलू द्या. तो एक दिवस तिने टीव्हीवर पाहिलेला असतो. प्रत्यक्षात पहिल्या तारखेला नवऱ्याचा वकील नसतो, दुसऱ्या तारखेला समन्स बजावलेले नसते. तिसऱ्या खेपेला भाऊ म्हणतो, मिटवून टाक. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. त्यातल्या ‘प्रयत्न’ या शब्दावर आमच्या बायकांची वर्षे जातात. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले हे चांगलेच, पण कापूस वेचणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी काही अर्धी होत नाही. बाई खोटी होती म्हणून अर्ज मागे घेते असे गावात बोलतात. ती थकलेली असते.

सरकारी वकील नूतनबद्दल बराच वाद झाला. गीतांजली कुलकर्णींनी ती इतकी खरी केली आहे की राग कोणावर धरावा ते कळत नाही. लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, आणि कोर्टात त्या शाहिराविरुद्ध सपाट आवाजात कलमे वाचते. “बाई वकील असली म्हणजे आपलीच असते असं नाही,” हे मत ज्या मुलीने दिले ती बारावीत आहे. मला तिचे पटले.

सगळ्यांत जास्त बोलणे झाले ते मेलेल्या कामगाराच्या बायकोच्या साक्षीवर. ती भूमिका करणारी बाई व्यावसायिक नटी नाही. ती रडत नाही, भाषण करत नाही. विचारतील तेवढेच सांगते: तो दारू पिऊनच गटारात उतरायचा, वास सहन होत नसे, एक डोळा गेलेला, जीव देण्याचे कधी बोलला नाही. एवढ्यावर सरकारी पक्षाचा आरोप ढासळतो. साक्षीच्या आधी आम्ही बायकांना किती समजावतो, विचारले तेवढेच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. त्यांना वाटते, कमी बोलले तर दुःख खोटे ठरेल. त्या दिवशी मला काही समजवावे लागले नाही. पुढे बचावाचा वकील तिला गाडीतून सोडताना पैसे देऊ करतो, ती काम असेल तर सांगा म्हणते. खोलीत कोणी बोलले नाही.

माझी एक तक्रार आहे. कॅमेरा दोन्ही वकिलांच्या घरी जातो, सुटीत न्यायाधीशांच्या मागेही जातो. त्या बाईच्या घरात मात्र शिरत नाही. तारखेहून परतल्यावर तिच्या चुलीपाशी काय होते, ते पाहायला आमच्या बायका जास्त उत्सुक होत्या.

पुढच्या महिन्यात तो साक्षीचा भाग तेवढा पुन्हा लावणार आहोत. उठून गेलेल्यांपैकी एकीची पहिली तारीख दिवाळीनंतर आहे. तिला मुद्दाम निरोप पाठवला आहे.