आरोग्य संशोधनात आपण फक्त ‘सॅम्पल’च का?

दर वर्षी मे महिना लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पाठीला बॅग आणि हातात टॅब घेतलेली मुले-मुली फिरताना दिसतात. घरात माणसे किती, संडास आहे का, बाळंतपण कुठे झाले, वर्षभरात दवाखान्यावर किती खर्च झाला, असे विचारत ती दारोदार जातात. आपल्या आयाबाया हातातले काम बाजूला ठेवून उत्तरे देतात, वर पाणीही देतात. जून संपला की मुले निघून जातात. पुढे कधीतरी एखाद्या परिषदेत त्या दोन महिन्यांचे पोस्टर लागते. त्यात आपल्या वस्तीचे नाव नसते, ‘शहरी झोपडपट्टी’ एवढेच असते, आणि आपण सगळे मिळून एक टक्केवारी झालेलो असतो.

या मुलांवर आमचा राग नाही. त्यातली बरीच प्रामाणिक असतात, उन्हातान्हात फिरतात. आमचा सवाल वेगळा आहे. विचारणारे कोण आणि उत्तरे देणारे कोण, ही वाटणी कोणी केली? जातीने ज्ञान एकीकडे आणि श्रम दुसरीकडे ठेवले. आज संशोधक एकीकडे आणि सॅम्पल दुसरीकडे आहे. ही वाटणी जिथे गुपचूप पक्की होते अशी एक साधीसुधी दिसणारी जागा म्हणजे उन्हाळी संशोधन फेलोशिप.

आपल्या चळवळीत पीएचडीच्या फेलोशिपवर बोलले जाते, आणि बोललेच पाहिजे. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ जणांच्या फेलोशिपसाठी विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन करावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून पोरे काय दिवे लावणार, असे सभागृहात विचारले. हे आम्ही विसरलेलो नाही. पण पीएचडी ही वरची पायरी झाली. पहिली पायरी दोन महिन्यांची असते, ती पदवीच्या सुटीतच चढायची असते, आणि तिथे कोण दिसत नाही याची हजेरी कोणी घेत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’ देते. वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचे छोटे संशोधन करायचे आणि अहवाल द्यायचा. मानधन पूर्वी २०,००० रुपये होते, ते वाढून ५०,००० झाले. योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. आरक्षणातून एमबीबीएसला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तिथे अर्ज केलाच पाहिजे. पण तिची रचना नीट बघा. एमबीबीएस किंवा बीडीएस नसाल तर दारातच थांबा. आणि दारातून आत गेलात तरी पैसे मिळणार अहवाल मंजूर झाल्यावर. दोन महिन्यांचा प्रवास, झेरॉक्स, जेवण, सगळे आधी आपल्या खिशातून. ज्याचा खिसा भरलेला आहे त्याला हा नियम आहे हे कळतसुद्धा नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळूनही उन्हाळी फेलोशिप देतात. पण ती विज्ञान आणि अभियांत्रिकीची. समाजशास्त्र आणि समाजकार्य यांचा तिथे पत्ता नाही.

आता आपली पोरे उन्हाळ्यात काय करतात ते आठवा. लग्नसराईत मंडप आणि केटरिंग, नाहीतर डिलिव्हरीची बाईक, नाहीतर भावाबरोबर रंगकाम. जूनची फी त्यातून निघते. त्या पोराला ‘आधी काम कर, अहवाल दे, पैसे मग बघू’ म्हणणे म्हणजे ‘येऊ नकोस’ म्हणणे आहे. फक्त भाषा सभ्य आहे.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आधी प्रबंध दाखव, मग पौंड देतो, असे सयाजीराव म्हणाले असते तर? मुंबईतल्या चाळीत राहणाऱ्या त्या कुटुंबाकडे आगाऊ घालायला काय होते? आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जायला १९२० उजाडले. बाबासाहेबांसारख्या माणसाची तीन वर्षे पैशाअभावी गेली. पैसे किती, यापेक्षा पैसे कधी मिळतात, हा प्रश्न आपल्यासाठी मोठा का आहे ते यातून समजून घ्या.

कोणी म्हणेल, आरोग्याचे संशोधन आहे, डॉक्टरांनाच करू द्या की. इथे एक घोळ आहे तो आधी सोडवू. आरोग्यसेवा संशोधन म्हणजे जंतूंचा किंवा औषधाच्या रेणूंचा अभ्यास नव्हे. सेवा कोणापर्यंत पोहोचते, कोणाला परत पाठवले जाते, कोण किती वेळ रांगेत उभे राहते, कोणाला कर्ज काढावे लागते, याचा तो अभ्यास. सरकारी निकष सांगतो की मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. निकष कागदावर पूर्ण झाला असेल. पण उपकेंद्राची इमारत गावठाणात आहे की बौद्धवाड्याजवळ, नर्सबाई वाड्यातल्या घरात आत येऊन बसतात की रस्त्यावरूनच हाक मारतात, हे मोजायला स्टेथोस्कोप लागत नाही. जात कशी चालते याची समज लागते. ती समज एमएसडब्ल्यूच्या मुलीकडे असेल, एएनएमकडे असेल, आशाताईकडे असेल. मग फेलोशिपच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना का नाही?

रकाना आहे, पण दुसरीकडे. आमच्या वस्तीतली एक जीएनएम झालेली मुलगी एका नामवंत संस्थेकडे उन्हाळी संशोधनाची चौकशी करायला गेली. तिला सांगण्यात आले की फेलो म्हणून जमणार नाही, पण वस्तीची ओळख आहे तर माहिती गोळा करायला या, रोजावर. ती गेली. दीड महिना घरोघर फिरली, दारे तिच्या ओळखीने उघडली. निबंधात तिचे नाव आभारातही नव्हते. ज्ञानाच्या कारखान्यात आपल्याला काम मिळते ते असे, हजेरीपटावर.

इथे ‘मेरिट’वाले उठतीलच. फेलोशिप ही मदत नाही, गुणवत्तेची निवड आहे, म्हणतील. ठीक. निवड कशावर होते? प्रस्तावावर. प्रस्ताव कोण घडवतो? बहुतेक वेळा मार्गदर्शक. आणि मार्गदर्शक कोणाला जवळ करतो? दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. शिक्षकांचे वागणे, परीक्षा, वसतिगृह, सगळीकडे भेदभावाचे अनुभव त्यात नोंदले आहेत. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, तेव्हाही वैद्यकीय शिक्षणातल्या वरिष्ठांच्या वागण्याची चर्चा चार दिवस झाली आणि थांबली. ज्या इमारतीत ही हवा आहे तिथे ‘योग्य मार्गदर्शक शोधा’ ही अट सर्वांसाठी सारखी आहे असे म्हणणारा एकतर भोळा आहे किंवा लबाड.

पण आमचा मुख्य मुद्दा कोणाला संधी मिळाली नाही, एवढाच नाही. संशोधक बदलला की प्रश्न बदलतो. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. हा खरा मुद्दा आहे.

संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी मिळाली का, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. देताना स्पर्श टाळला का, बोलले किती, थांबवले किती, हे विचारले. आणि भेदभाव तिथेच सापडला. नेहमीच्या प्रश्नावलीत ‘औषध मिळाले: होय’ अशी टिक झाली असती आणि सगळे आलबेल ठरले असते.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी तो लावून धरला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. या शस्त्रक्रिया एका रात्रीत झाल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे चालू होत्या. वैद्यकीय महाविद्यालये होती, दर उन्हाळ्याला सुटी होती, फेलोशिपही होत्या. ऊसतोडीला ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेल्या टोळ्या एप्रिलपर्यंत गावी परततात, म्हणजे मे-जूनला या बाया आपापल्या घरी असतात. दोन महिन्यांचा, चार गावांचा अभ्यास पुरला असता. मग तो वेळेत का झाला नाही? कारण पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर दंड भरावा लागतो हे ज्याच्या आईने सांगितले आहे, असे पोर प्रस्ताव लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नव्हते. मुकादमाची उचल काय असते, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागले असते.

संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१८ च्या अहवालात भारताबद्दल एक आकडा दिला. मृत्यूच्या वेळचे सरासरी वय पाहिले तर दलित स्त्री उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते. हा आकडा भाषणात वापरून वापरून आपण गुळगुळीत केला. ती साडेचौदा वर्षे कुठल्या कुठल्या दारात हरवतात, हे कोणी शोधायचे? जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये द्यायचे असले की दाखला मागून जात तपासतात. पण त्याच बाईला प्रसूतिगृहात कसे वागवले हे नोंदवताना जातीचा रकाना गायब होतो.

अमेरिकेत हे आधी घडून गेले आहे. १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने काळ्या लोकांचे मृत्यू जास्त होतात कारण त्यांचा वंशच दुबळा, असे आकडेवारीने ‘सिद्ध’ केले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या तरुण कृष्णवर्णीय संशोधकाला फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीच्या पाहणीसाठी थोड्या काळापुरते नेमले. त्यांनी घरोघर स्वतः फिरून माहिती घेतली, आणि १८९९ च्या पुस्तकात दाखवले की मृत्यूचे मूळ रक्तात नसून कोंदट घरांत, घाणीत आणि नाकारलेल्या कामांत आहे. मृत्यू तेच होते, मोजणारा बदलला होता. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे संशोधनविषय वगळले. प्रश्न विचारणाऱ्याची भीती कोणाला वाटते ते यावरून कळते.

आता घरातल्या भांडणाकडे. आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, अत्याचार होत असताना सर्व्हे कसले करता, मोर्चा काढा. आम्हीही मोर्चात असतो. पण जिल्हा शल्यचिकित्सकासमोर निवेदन घेऊन गेल्यावर तो पहिले वाक्य काय बोलतो? ‘पुरावा काय?’ तेव्हा आपण एकमेकांकडे बघतो. साउथबरो समितीपुढे, सायमन कमिशनपुढे बाबासाहेब गेले ते तयारीने, कागद घेऊन गेले. घोषणा कमी पडत होत्या म्हणून नव्हे, कागद लागतोच म्हणून.

सरकारकडे आमची मागणी अशी. बार्टीने आरोग्यसेवेवर दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप सुरू करावी. समाजकार्य, समाजशास्त्र, नर्सिंग आणि आशा-एएनएम यांना ती खुली असावी. निम्मे पैसे पहिल्या दिवशी, उरलेले दर पंधरा दिवसांनी द्यावेत. मार्गदर्शक शोधून देण्याची जबाबदारी संस्थेची, विद्यार्थ्याची नव्हे. आयसीएमआरनेही पैसे शेवटी देण्याचा नियम बदलावा आणि निवड झालेल्यांची सामाजिक प्रवर्गानुसार आकडेवारी दर वर्षी जाहीर करावी. आणि जो कोणी वस्तीत अभ्यास करील त्याने निष्कर्ष आधी त्या वस्तीच्या विहारात, मराठीत, वाचून दाखवावेत. लोकांना हरकत घेता आली पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. जयंती मंडळांना आम्ही एवढेच म्हणतो की १४ एप्रिलच्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढा. नाचू नका असे आम्ही म्हणत नाही, नाचा. पण मिरवणुकीतली एक भिंत कमी लावली तर त्यात दोन मुलींचा दोन महिन्यांचा खर्च निघतो, आणि वर्गणी एप्रिलमध्ये जमते, फेलोशिप मेमध्ये लागते. तालुक्यातल्या चार मंडळांनी मिळून दोन नावे ठरवावीत, एक नर्सिंगची, एक समाजकार्याची. एखाद्या निवृत्त बौद्ध डॉक्टरांना किंवा प्राध्यापकांना मार्गदर्शनासाठी गाठावे. ज्यांची माहिती घेणार त्यांची लेखी संमती घ्यावी, नावे उघड करू नयेत, ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

विषय शोधायला लांब जाऊ नका. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रापासून बौद्धवाडा किती पावलांवर आहे, आणि गेल्या सहा महिन्यांत नर्सबाई तिथे किती वेळा आल्या, एवढे दोनच रकाने घेऊन येत्या मेमध्ये निघा.

जय भीम!