कोयत्याचा हिशेब आणि पुढची पिढी

उजनीच्या जलाशयामुळे करमाळा तालुक्याच्या पश्चिम भागात ऊस वाढला, आणि जेऊरच्या परिसरात दर हंगामाला बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या. गाळप आटोपेपर्यंत त्यांचा संसार फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाल्यापाचटाच्या तात्पुरत्या झोपडीत असतो. या स्थलांतरित कुटुंबांविषयी एक मत सर्रास मांडले जाते, ते असे की आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही, म्हणून मुलांची शाळा सुटते, मुली कोवळ्या वयात उजवल्या जातात आणि पुढची पिढीही फडातच उतरते.

हे मत परिणामालाच कारण समजते. ऊसतोडीत हिशेब माणसाचा नसून जोडप्याचा असतो: नवराबायको मिळून ‘एक कोयता’, एकटा मजूर ‘अर्धा कोयता’, आणि मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ, हंगामाआधी जी आगाऊ रक्कम किंवा ‘उचल’ देतो, ती या कोयत्यावर ठरते. मुलाचे लग्न झाले की घराची उचल वाढते, आणि वयात येणारी मुलगी कोपीत एकटी ठेवण्याची धास्तीही लग्नानेच मिटवली जाते. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा वय तपासतो, पण लग्नाची घाई करायला लावणारा हा व्यवहार त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

आईबाप बेफिकीर असते, तर त्यांच्यातल्या कित्येकांनी मुलांना गावी आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून पाचसहा महिन्यांची ताटातूट पत्करलीच नसती. ज्यांना ही सोय नाही, त्यांची थोरली मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. आई मात्र पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरते, आणि मजुरीचा हिशेब होतो तो नवऱ्याच्या नावावर. शिकलेले तरुण कोयता नाकारतात म्हणून त्यांना कष्टचोर म्हणणे तर निव्वळ अन्याय आहे, कारण आईबापांनी अंग मोडून जे साधायचे ठरवले होते, तेच ती मुले पुरे करत असतात.

म्हणून केवळ प्रबोधनाने हे चक्र थांबणार नाही. करार प्रत्येक मजुराशी स्वतंत्रपणे व्हावा, वयाचा दाखला पाहूनच नाव नोंदवावे, आणि स्त्रीची मजुरी तिच्याच बँकखात्यात जमा व्हावी. कारखान्यांनी एवढे येत्या गाळप हंगामापासून करावे, आणि ज्यांचा ऊस या हातांनी तोडला जातो त्या जेऊर परिसरातील बागायतदारांनी त्यासाठी कारखान्यांकडे आग्रह धरावा.