कथेचे तंत्र आणि आपले अनुभव

गोष्ट लिहिणे ही ईश्वरदत्त देणगी असून ती शिकून येत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. या समजाने विद्यार्थी आळशी होतात व पालक उदासीन. सुताराला रंधा धरावयास शिकावे लागते, धानाच्या रोवणीलाही हात बसावा लागतो. मग कथालेखकानेच अभ्यासावाचून का राहावे? ललितलेखनासही तंत्र असते, हे प्रा. ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात आग्रहाने मांडले.

कोहमाऱ्याच्या विद्यार्थ्याने हे तंत्र कसे योजावे? समजा, चैत्रातल्या पहाटे एक मुलगा आईबरोबर मोहफुले वेचीत आहे आणि त्याच दिवशी त्याची परीक्षा आहे. नवशिका लेखक सूर्योदयाच्या वर्णनात पान खर्ची घालील. जाणता लेखक, टोपली अर्धीच भरली असता रस्त्यावरून मोटारीचा कर्णा ऐकू येतो, तेथूनच आरंभ करील. घरचे दारिद्र्य तो शब्दांनी सांगणार नाही. मुलगा निघाला तरी आईचे हात फुले वेचीतच राहतात, एवढेच दाखवील. सारी गोष्ट मुलाच्या दृष्टीने सांगितली, तर आईच्या मनातले वाचकालाच ताडावे लागेल. तीच गोष्टीची गोडी होय. शेवटी तात्पर्य जोडण्याचा मोह मात्र आवरावा.

तथापि तंत्र म्हणजे साचा नव्हे. पुष्कळ विद्यार्थी न पाहिलेल्या पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत आपली पात्रे बसवितात व घरची झाडीबोली लाजेने लपवितात. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकात दुष्काळी मुलखातील साधी माणसे त्यांच्या बोलीसह उभी केली आणि मराठी कथा त्यामुळे श्रीमंत झाली. पुढे याच लेखकाने आपल्या शेजारच्या अरण्यावर ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. दुरून आलेल्याला येथे एवढे दिसले. येथेच जन्मलेल्यांना काहीच दिसू नये काय?

पालकांसही एक विनंती आहे. मूल आजीच्या गोष्टी वहीत उतरवू लागले, तर ‘अभ्यास सोडून हे काय?’ असे म्हणू नये. कोठे थांबावे, काय लपवावे, हे आजीला ठाऊक असते. तेच तंत्राचे पहिले पाठ होत. आपली माणसे आपणच लिहिली नाहीत, तर ती दुसऱ्याच्या लेखणीची वाट पाहत राहतील.