पॉइंटपलीकडची मजुरी
आपल्याकडे वायरमनची मजुरी पॉइंटवर, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जोडणीमागे, ठरते आणि बहुतेकदा तिथेच तो फसतो. समजा, घरखर्च, पेट्रोल, ड्रिलची झीज, विमा असं सगळं धरून महिन्याला ३०,००० रुपये लागतात आणि प्रत्यक्ष कामाचे तास भरतात १००. तर तासाला ३०० रुपयांखालचं काम म्हणजे पदरमोड. जाण्यायेण्याचा, सामान आणण्याचा, नुसता अंदाज सांगण्याचा वेळ कुणी मोजतच नाही. मग ती तूट दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनमधून भरून निघते. हे मला मुळीच पटत नाही. कमिशनच्या मोहात हलकी वायर गिऱ्हाइकाच्या भिंतीत जाते. त्यापेक्षा सामानाचं बिल गिऱ्हाइकाच्याच नावे करावं, मजुरी वेगळी लिहावी, व्हिजिटचे पैसे फोनवरच सांगावेत. आणि अर्थिंग तपासण्याचे पैसेही बिनसंकोच लावावेत.