राग ऐकवायचा तोही आईनंच?



हल्ली मोबाइलवर एक निरोप फिरत असतो. मूल बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं, तर आईनं त्याला रोज पहाटे अमुक राग ऐकवावा, संध्याकाळी तमुक. तीन महिन्यांत फरक पडतो म्हणे. बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बिंदुसरा धरणाजवळच्या आमच्या पाली गावातल्या बायांपर्यंतही असले निरोप पोचतात. मला संगीताचं वावडं नाही. माझी चीड आहे ती त्या निरोपातल्या एका शब्दावर: ‘आईनं’.

बापानं का नाही? शाळेनं का नाही? दवाखान्यानं का नाही? पहाटे पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, रोजंदारीवर जायचं, आणि मधल्या वेळात रागसंगीताचा उपचारही तिनंच करायचा. त्यातून फरक पडला नाही तर? तर बोल पुन्हा तिलाच. नीट ऐकवलं नसेल, मन लावून केलं नसेल!

हा बोल नवा नाही. स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या घडणीतलाच वेगळेपण. ती कुणाच्या लाडानं येत नाही की दुर्लक्षानं येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे पालीसारख्या कुठल्याही गावात अशी मुलं असणार. फक्त त्यांना नाव मिळालेलं नसतं. त्यांना ‘येडं’ म्हणतात, ‘मुकं’ म्हणतात, ‘हट्टी’ म्हणतात. मग आईची झडती सुरू होते. ग्रहणात काय चिरलं होतंस? कुणाच्या ओट्यावर गेली होतीस? देवरशाकडे नेलं का? अंगारा लावला का?

हा खेड्यातला अडाणीपणा आहे असं शहरातल्या बहिणींनी समजू नये. शिकल्यासवरलेल्या डॉक्टरांनीही हेच केलं. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास छापला आणि स्वमग्नतेला नाव दिलं. त्यातच आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं. पुढे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून आईच्या मायेच्या अभावाचा सिद्धांत घरोघरी नेला. ‘रेफ्रिजरेटर आई’ असा शब्दच रूढ झाला. बर्नार्ड रिमलंड या स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या मानसशास्त्रज्ञानं १९६४ मध्येच हे मत खोडून काढलं होतं, तरी कित्येक वर्षं आया अपराध्यासारख्या खाली मान घालून बसत राहिल्या. आणि गंमत पाहा, कॅनर यांच्याही आधी, १९२५ साली, ग्रुन्या सुखारेवा या रशियन बाई-डॉक्टरनं अशा मुलांचं बारकाईनं वर्णन केलं होतं. तिचं नाव मात्र अनेक दशकं कुणी घेतलं नाही. दोष द्यायला बाई लगेच सापडते, श्रेय द्यायला सापडत नाही.

देवरशाचा अंगारा आणि मोबाइलवरचा राग, दोन्हींत मला एकच धागा दिसतो. मुलाचं काय ते आईनं निस्तरावं, एकटीनं, घरात बसून, फुकट.

आता संगीताबद्दल. संगीतानं या मुलांना काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. उलट, होतं म्हणूनच हा विषय हाती घेतला. पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक. या दोघांनी १९५९ साली इंग्लंडमध्ये अशा मुलांबरोबर काम सुरू केलं. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. मुलाला गाणं ‘ऐकवायचं’ नाही. मूल टेबल बडवतंय? मग उपचारकानं तोच ठेका उचलायचा, त्याला जोड द्यायची आणि थांबायचं. मूल पुन्हा बडवतं, की पुन्हा उत्तर. ज्या मुलाला शब्दांची देवाणघेवाण जमत नाही, त्याच्याशी ठेक्याची देवाणघेवाण होते. आपली पाळी, समोरच्याची पाळी, वाट पाहणं, हे सगळं त्यातून घडतं. हे कसबाचं काम आहे. मोबाइल उशाशी ठेवून ते होत नाही.

आणि त्यालाही मर्यादा आहेत. २०१७ साली नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. चार ते सात वर्षांची मुलं, पाच महिने संगीतोपचार. स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांत नेहमीच्या मदतीपेक्षा वेगळा असा फरक दिसला नाही. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या २५१ मुलांचा अभ्यास छापून आला. ती भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी असलेली मुलं होती. उपचार संपताना त्यांची उदासी कमी झाली होती, स्वतःबद्दलचा विश्वास वाढला होता. पण पुढे काही आठवड्यांनी तो फरक टिकलेला दिसला नाही. २०२२ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. एकूण सुधारणा आणि जगण्याची प्रत यांत संगीतोपचाराचा उपयोग होत असावा, असं त्यात निघालं. बोलणं आणि सामाजिक व्यवहार यांत मात्र उपचारानंतर लगेच स्पष्ट फरक सापडला नाही.

याचा सरळ अर्थ काय? संगीतानं मुलाला आनंद मिळू शकतो, दुसऱ्या माणसाशी जोडून घ्यायला एक वाट मिळू शकते. ते थोडं नाही. पण ‘तीन महिन्यांत बरा’ म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे. स्वमग्नता हा ताप नव्हे, उतरायला. आपल्या देशात भारतीय पुनर्वास परिषदेकडे वाचा-श्रवणतज्ज्ञांची, विशेष शिक्षकांची नोंदणी होते. संगीतोपचारकाची अशी वेगळी वर्गवारी नाही. तेव्हा कुणीही पेटी घेऊन बसावं, पाटी लावावी आणि आईकडून पैसे घ्यावेत, अशी मोकळीक आहे.

आणखी एक. अनेक स्वमग्न मुलांना आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी, हलगी, वरातीतला डीजे यांनी ती कान दाबून किंचाळतात, डोकं आपटतात. त्यावर लोक काय म्हणतात? ‘आईनं लाडावून ठेवलंय, दोन रट्टे द्या.’ ज्या गावात रात्री बारापर्यंत भोंगे वाजतात, त्या गावानं आधी आवाज कमी करावा. संगीतोपचाराची ती पहिली पायरी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

इथे आमच्यातलेच काही भले लोक म्हणतात, आपल्या बायांकडे ओव्या आहेत, अंगाई आहे, भजन आहे. तज्ज्ञ हवेत कशाला? ओव्यांचं मोल मला ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखांहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. तोच ठेका पुन्हा पुन्हा, पहिली ओळ झाली की दुसरीची वाट पाहायची, एकीनं सोडलेली ओळ दुसरीनं उचलायची. या मुलांना जी रचना लागते तिच्याशी याचं नातं आहे, हे मला पटतं. पण त्या ओव्या बाया हौसेनं गात नव्हत्या. दळण होतं म्हणून गात होत्या. जातं गेलं याचं मला दुःख नाही. आता ओवीचं कौतुक करून पुन्हा आईच्याच हाती नवं जातं देणार असाल, तर ते आम्हाला नको. ओवी गाणाऱ्या बाईला अंगणवाडीत बोलवा, तिला शिकवणी द्या, मानधन द्या. मग बोला परंपरेबद्दल.

आता आपल्या जिल्ह्याचं वास्तव बघू. दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने फडावरच्या कोपीत राहतात. त्या नऊ देशांतल्या चाचणीतल्या उपचाराचा काळ पाच महिन्यांचा होता. आमच्याकडे तेवढ्यात एक हंगाम होतो. जे मूल ताट बदललं तरी बिथरतं, त्याला दर वर्षी घर, पाणी, माणसं बदलून फडावर न्यायचं किंवा म्हाताऱ्या आजीजवळ सोडायचं. फडावर नेलं तर उसाच्या सरीत त्याला बांधून ठेवण्यावाचून आईकडे काय उपाय असतो? एक दिवसाचा खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. अशा बाईला तुम्ही पहाटेचा राग सांगता?

आणि मुलगी असेल तर? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. जिथे धडधाकट मुलगी नको होती, तिथे न बोलणाऱ्या मुलीला पुण्याला कोण नेणार? गप्प बसते, कोपऱ्यात राहते, तर ‘गुणाची आहे’ म्हणून सोडून देतात. मुलींमधली स्वमग्नता जगभर उशिरा ओळखली जाते. आपल्याकडे तर ती घराच्या अंधारातच राहते.

कोणी म्हणेल, इथे पाण्याचे हाल, ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, त्याची चौकशी २०१९ मध्ये सरकारला करावी लागली, आणि तुम्ही गाण्याचं काय घेऊन बसलात? मी म्हणते, प्रश्न एकच आहे. बाईचं शरीर असो की बाईचे श्रम, ते फुकट आणि अमर्याद आहेत असं धरूनच इथला सगळा कारभार चालतो. गाणं ही श्रीमंतांच्या मुलांची चैन आणि गरिबाच्या मुलाला दोरी, ही वाटणी मला मान्य नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आली. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानं एकवीस अपंगत्वं मानली, त्यांत ती आहे. लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यानं दिला. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. म्हणजे मूल सांभाळणं हे काम आहे, त्याला पैसे पडतात, हे संसदेनं मान्य केलं आहे. २०२४ साली सरकारनं आम्हाला ‘लाडकी बहीण’ म्हणून दीड हजार रुपये दिले. ओवाळणी वेगळी आणि कामाचा दाम वेगळा, हे भावाला सांगायला हवं.

म्हणून आपण मागायचं ते असं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांमधून तपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र ठरलेलं आहे. तिथे मूल तपासून नुसतं कागदावर न ठेवता वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि शिकलेला संगीतकार आठवड्यातून ठरल्या दिवशी तालुक्याच्या गावी यावेत. हंगामात मूल ज्या कारखान्याच्या हद्दीत जाईल, तिथे त्याची फाइल आणि सेवा दोन्ही जाव्यात. अंगणवाडी ताईला प्रशिक्षण द्यायचं तर वाढीव मानधनासह द्यावं. काळजीवाहक भत्ता कागदावरून हातात यावा. आणि उपचाराच्या दिवशी बापानंही मांडी घालून, टाळ घेऊन, मुलासमोर बसावं. भजनात त्याला जमतं, मग इथे का जमू नये?

पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. गावात अशी मुलं किती, याची यादी आपण बायांनीच करू. त्यात मुलींची नावं सुटू देऊ नका. आणि मोबाइलवर तो निरोप पुन्हा आला, तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्यालाच विचारा: भाऊ, तुझी पाळी कधी?